सांगोवांगीचे रस्ते

गेल्या शनिवारची अर्धी रात्र एका क्लायंटच्या नेटवर्कने खाल्ली. नवीन ऑफिस जोडायचं होतं. जवळ एरिया ५ चा राउटर होता, त्यालाच लाइन जोडली आणि नव्या ऑफिसला एरिया ७ नंबर दिला. केबल ठीक, शेजारच्या राउटरपर्यंत पिंग ठीक. पण मुख्य ऑफिसला या ऑफिसचा पत्ताच नाही! ओएसपीएफ शिकताना आपण सगळेच घोकतो, "प्रत्येक एरिया हा एरिया ० ला जोडलेला हवा." पण का हवा? हा प्रश्न मला रात्री दोन वाजता, मशीनचा तो भयंकर चहा पिताना पहिल्यांदा पडला. रविवारी उत्तर शोधायला बसलो तो थेट १९६९ पर्यंत मागे गेलो.

तेव्हाच्या अर्पानेटमध्ये कुठल्याच नोडकडे नकाशा नव्हता. प्रत्येकजण शेजाऱ्याला सांगायचा, 'अमक्याकडे जायला माझ्याकडून इतका वेळ लागतो.' शेजारी त्यात आपली भर घालून पुढे सांगणार. सगळा कारभार सांगोवांगी. एखादी लाइन तुटली की पंचाईत. 'तू म्हणतोस रस्ता आहे म्हणून मी म्हणतो, मी म्हणतो म्हणून तू', आणि बिचारं पॅकेट दोघांमध्ये गरगर फिरतंय.

बीबीएन कंपनीच्या मॅक्विलन, रिचर आणि रोझेन यांनी १९७९ मध्ये हे बदललं. नवा नियम: प्रत्येकाने फक्त स्वतःच्या लाइनींबद्दल बोलायचं, पण ते सगळ्या नेटवर्कला सांगायचं. मग प्रत्येकाकडे पूर्ण नकाशा, आणि त्यावर डायक्स्ट्राचं १९५९ सालचं गणित चालवून जो तो आपला रस्ता शोधणार. हेच लिंक-स्टेट राउटिंग. ऐकीव माहिती बंद.

पण सगळ्यांना सांगायचं म्हटलं की चूकही सगळ्यांकडे पोचते. २७ ऑक्टोबर १९८० ला हार्डवेअरच्या बिघाडाने एका नोडच्या संदेशाच्या क्रमांकातले बिट गळले आणि ८, ४० आणि ४४ अशा तीन प्रती फिरू लागल्या. क्रमांक सहा बिटांचा, म्हणजे ६३ नंतर पुन्हा ०. त्या हिशोबात ४० हा ८ पेक्षा नवा, ४४ हा ४० पेक्षा नवा, आणि गंमत म्हणजे ८ हा ४४ पेक्षा नवा! नोड एकमेकांना या 'ताज्या' बातम्या देत बसले आणि अर्पानेट काही तास ठप्प झालं.

पुढे राडिया पर्लमन यांनी हा प्रसार भक्कम करण्याचं काम केलं. पण नेटवर्क मोठं होईल तसा नकाशाही फुगणार, आणि कुठेही एक लाइन लुकलुकली तरी प्रत्येक राउटर हिशोबाला बसणार, हे होतंच. उपाय म्हणजे वाटण्या. डेकमध्ये जन्मलेल्या आयएस-आयएसने लेव्हल १ आणि २ केल्या. जॉन मॉय यांच्या ओएसपीएफने (पहिला मसुदा ऑक्टोबर १९८९) एरिया केले.

आणि इथे खरी मेख आहे. नकाशा एरियाच्या वेशीवर थांबतो. वेशीवरचा राउटर पलीकडचं काहीच दाखवत नाही, फक्त सांगतो, 'अमुक पत्ते माझ्याकडून, खर्च इतका.' म्हणजे पुन्हा सांगोवांगीच! मग जुना गरगर फिरण्याचा रोग कसा टाळायचा? ओएसपीएफने सरळ मनाई केली: एका एरियाची बातमी दुसऱ्यात जाईल ती फक्त एरिया ० मधून. सगळ्या बातम्या एकाच चौकातून जाणार असतील तर आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून फिरून परत यायला वाट उरत नाही.

आयएस-आयएसने आधी आणखी कडक पथ्य पाळलं. लेव्हल १ च्या राउटरला बाहेरचं काही सांगायचंच नाही, त्याने बाहेरचं पॅकेट जवळच्या दारातून फेकायचं. पण जवळचं दार म्हणजे जवळचा रस्ता नव्हे. पुण्याहून नाशिकला निघालेल्या माणसाने घराजवळ म्हणून कात्रजकडे वळावं, तसा प्रकार. शेवटी ऑक्टोबर २००० मध्ये, आरएफसी २९६६ मध्ये, वरच्या बातम्या खाली सोडायची पद्धत ठरली. खाली आलेल्या बातमीवर एका बिटाची खूण करायची आणि खूण दिसली की ती परत वर पाठवायची नाही. एक बिट, बस्स!

असो. माझा एरिया ७ कुठे अडला होता ते कळलं असेलच. त्या रात्री मी एरिया ५ मधून ० पर्यंत व्हर्च्युअल लिंक टाकून वेळ मारून नेली. सोमवारी ती काढली आणि नवं ऑफिस गुपचूप एरिया ५ मध्येच घातलं.