वृद्धाश्रम

वृद्धाश्रम म्हणजे वयोवृद्ध व्यक्तींच्या निवासाची, भोजनाची व दैनंदिन देखभालीची सोय करणारी संस्था होय. नावातील 'आश्रम' या शब्दामुळे वानप्रस्थाश्रमाचे स्मरण होत असले, तरी ही संस्था प्राचीन आश्रमव्यवस्थेतून आलेली नाही. भारतातील तिचे पूर्वरूप १९ व्या शतकातील धर्मादाय गृहांत आढळते. दिवसभरापुरते एकत्र येण्याचे विरंगुळा केंद्र आणि वैद्यकीय उपचार देणारे शुश्रूषागृह यांहून वृद्धाश्रम भिन्न आहे.

इतिहास

पुण्यातील डेव्हिड ससून यांच्या नावाने चालणारी, आता 'निवारा' म्हणून ओळखली जाणारी संस्था १९ व्या शतकातील आहे. 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या ख्रिस्ती धर्मसंघाने १८८२ मध्ये कोलकात्यात वृद्धगृह सुरू केले. गोव्यात प्रोव्हेदोरिया ही सार्वजनिक साहाय्य संस्था वृद्धाश्रम चालवते. महाराष्ट्र शासनाने १९९० च्या दशकात 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आखली. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे १० टक्के होते.

स्वरूप व प्रवेश

निराधारांसाठीचे विनामूल्य, मासिक शुल्क घेणारे आणि सदनिकांच्या स्वरूपातील ज्येष्ठ निवाससंकुल असे प्रकार आढळतात. शुल्क घेणाऱ्या संस्था बहुधा अनामत रक्कम किंवा देणगीही घेतात. प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र, तसेच जबाबदारी स्वीकारणाऱ्या नातेवाइकाचे हमीपत्र मागितले जाते. ज्यांना असा नातेवाईकच नाही, त्यांच्यासाठी ही अट मोठी अडचण ठरते.

अनेक वृद्धाश्रम स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश देतात. अंथरुणाला खिळलेल्या वा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला चोवीस तास परिचारक लागतो, आणि तेवढे मनुष्यबळ साधारण संस्थेकडे नसते. परिणामी धडधाकट असताना दाखल झालेल्या रहिवाशाला गरज सर्वाधिक असतानाच जागा सोडावी लागण्याची शक्यता उरते. म्हणून प्रकृती ढासळल्यास पुढे काय, रुग्णालयाचा खर्च कोणाचा, अनामत रकमेतून किती परत मिळणार आणि मृत्यूनंतर कोणाला कळवायचे, या गोष्टी करारात नमूद आहेत का हे पाहणे इमारत व बाग पाहण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्वाचे ठरते.

कायदेशीर तरतुदी

'आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७' हा या विषयावरील प्रमुख केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार ६० वर्षे पूर्ण केलेला भारतीय नागरिक ज्येष्ठ नागरिक ठरतो. कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन ज्येष्ठांसाठी निदान एक वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याचा उल्लेख आहे. मात्र त्याची शब्दरचना राज्य शासनाला सक्ती करणारी नसून मुभा देणारी आहे.

स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करू न शकणारे आईवडील मुलांकडून निर्वाह खर्च मिळावा म्हणून न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. कलम २३ अन्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर कायदा लागू झाल्यानंतर दिलेली मालमत्ता, ती अट न पाळली गेल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली नसेल तर ती सिद्ध करणे कठीण जाते. घर मुलांच्या नावे करून मग वृद्धाश्रमात आलेल्यांच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न उद्भवतो. ज्येष्ठ नागरिकाला सोडून देण्याच्या हेतूने वाऱ्यावर टाकणे हा कलम २४ नुसार दंडनीय अपराध असून त्यासाठी ३ महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

महाराष्ट्रातील अनेक वृद्धाश्रम सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. ही नोंदणी न्यासाची असते, देखभालीच्या दर्जाची नव्हे. ज्येष्ठांच्या देखभाल गृहांची नोंदणी व किमान मानके यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. परंतु १७ व्या लोकसभेच्या विसर्जनाबरोबर ते व्यपगत झाले. तक्रार व मार्गदर्शनासाठी १४५६७ हा 'एल्डरलाइन' दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.