गेममधला पिंग कमी कसा करायचा? मोठा प्लॅन घेण्याआधी हे तपासा

गेममध्ये गोळी आधी आपण झाडतो आणि मरतो मात्र आपणच! मग लगेच वाटतं, नेट स्लो आहे, मोठा प्लॅन घेऊया. मला कोणी असं विचारलं की मी एकच सांगतो: थांबा, आधी पिंग नक्की कुठे वाढतोय ते शोधा. बरेचदा दुखणं घरातच असतं आणि उपाय प्लॅनपेक्षा स्वस्त असतो.

पिंग आणि स्पीड वेगळे

तुमच्या डिव्हाइसवरून निघालेला संदेश गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदात मोजतात. स्पीड म्हणजे एका सेकंदात किती डेटा येतो. रस्ता आठपदरी केला म्हणून पुणे मुंबईच्या जवळ सरकत नाही, तसंच हे. गेम डाउनलोड करायला स्पीड लागतो, पण खेळताना बहुतेक गेमना १ एमबीपीएससुद्धा पुरतं. म्हणून १०० चा प्लॅन ३०० केला तरी पिंग तसाच राहू शकतो.

आणखी एक गोष्ट. पिंग सतत वरखाली होत असेल तर त्याला जिटर म्हणतात. २० वरून १५० वर उडणाऱ्या पिंगपेक्षा स्थिर ६० केव्हाही बरा.

आधी निदान

मी नेहमी राउटरपासून सुरुवात करतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग ही कमांड इंग्रजीत टाइप करून पुढे राउटरचा पत्ता द्या. बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो.

- राउटरचाच पिंग उड्या मारतोय: दोष वायफायचा.
- राउटरचा पिंग ठीक, पण घरात कोणी अपलोड किंवा डाउनलोड सुरू केलं की गेमचा वाढतो: दोष रांगेचा.
- कोणी काही करत नसतानाही गेमचा पिंग कायम जास्त: सर्व्हर लांब आहे किंवा कंपनीचा मार्ग वळसा घेतोय.

१. वायफाय

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे लॅन केबल. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते. केबल टाकणं शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झ बँड वापरा, पण राउटर त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत हवा, कारण भिंतींमधून हा बँड लवकर कमजोर होतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीतले सगळे राउटर त्यातच दाटीवाटीने बसतात, शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही तिथेच.

२. रांग

हे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मोबाईलमधल्या फोटोंचा बॅकअप सुरू झाला की अपलोडची लाइन भरते. मग पॅकेट रांगेत थांबतात आणि गेमचं चिमुकलं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात.

राउटरमध्ये एसक्यूएम असेल तर ते चालू करा आणि मर्यादा तुमच्या खऱ्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. थोडा स्पीड जातो, पण रांग साचत नाही. ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरवर ही सोय मिळते. ती नसेल तर खेळताना बॅकअप बंद ठेवा आणि स्टीमसारख्या ॲपमध्ये डाउनलोडची मर्यादा लावा.

३. अंतर

फायबरमधून प्रकाश १ मिलिसेकंदात साधारण २०० किमी जातो, म्हणजे जाऊन येऊन दर १०० किमीला १ मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किमी. म्हणजे जवळपास ४० मिलिसेकंद कोणीच कमी करू शकत नाही. त्यामुळे गेमच्या सेटिंगमध्ये जवळचा सर्व्हर निवडा. व्हॅलोरंटसाठी मुंबईचा सर्व्हर आहे. जवळच्या सर्व्हरवरही पिंग जास्त असेल, तर ट्रेसरूटचा स्क्रीनशॉट घेऊन नेट कंपनीकडे तक्रार करा. नुसतं 'नेट स्लो आहे' म्हणण्यापेक्षा त्याचा उपयोग होतो.

यावर पैसे घालवू नका

डीएनएस बदलल्याने खेळतानाचा पिंग कमी होत नाही. डीएनएस फक्त सर्व्हरचा पत्ता शोधून देतो. पिंग बूस्टर ॲप किंवा व्हीपीएनचा फायदा फक्त कंपनीचा मार्ग वाकडा असेल तरच, एरवी एक थांबा वाढतो. त्यामुळे आधी केबल, मग रांग, मग सर्व्हर. प्लॅनचा विचार सगळ्यात शेवटी!