१४. गेर्डनर यांचा निबंध

डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी डिसेंबर १९४९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केलेला, नवजात मुलग्यांच्या सरसकट सुंतेस वैद्यकीय आधार नाही असे प्रतिपादणारा निबंध येथे अभिप्रेत आहे. या शस्त्रक्रियेपायी इंग्लंड व वेल्समध्ये दरसाल पाच वर्षांखालील सुमारे १६ बालके दगावतात, हे त्यातील दारुण अनुमान. ब्रिटनमध्ये सरसकट सुंतेचा प्रघात ओसरल्याचे सारे श्रेय ग्रंथकार या निबंधास देतात, ते पूर्णतः ग्राह्य वाटत नाही. १९४८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने निष्कारण सुंतेचा खर्च सरकारी तिजोरीवर घेतला नाही, हेही कारण तितकेच प्रबळ होय. अमेरिकेत विमा कंपन्या डॉक्टरांचे शुल्क चुकते करीत राहिल्या, आणि तेथे प्रघात टिकला. यहुदी व इस्लामी धर्मविधींशी प्रस्तुत वादाचा संबंध नाही. — संपा.