मेसोलाइट : मिश्रण की स्वतंत्र खनिज?

दख्खनच्या बेसॉल्ट खडकांतील पोकळ्यांत, विशेषतः नाशिक व पुणे या भागांत, शुभ्र व सुईसारख्या स्फटिकांचे झुबके आढळतात. त्यांतील स्कोलेसाइट कोणते व मेसोलाइट कोणते, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण असते. या दोहोंतील भेदाचा इतिहास म्हणजे खनिजात ‘काय आहे’ या प्रश्नाकडून ते ‘कोठे आहे’ या प्रश्नाकडे झालेल्या वाटचालीचा इतिहास होय.

तापविले असता उकळल्यासारखे फुगणाऱ्या खनिजांस ‘झिओलाइट’ हे नाव स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी १७५६ मध्ये दिले. पुढे १८०३ मध्ये क्लाप्रोट यांनी सोडियमयुक्त नॅट्रोलाइटचे नामकरण केले. गेलेन व फुक्स यांनी १८१३ मध्ये कॅल्शियमयुक्त स्कोलेसाइट वेगळे काढले आणि १८१६ मध्ये या दोहोंमधले म्हणून मेसोलाइटची भर घातली.

परंतु येथेच अडचण उद्भवते. नॅट्रोलाइटचा एक भाग व स्कोलेसाइटचे दोन भाग यांची बेरीज केली, तर पाण्याच्या रेणूंसह मेसोलाइटचे सूत्र तंतोतंत मिळते. तेव्हा दोन निराळ्या खनिजांचे तंतू परस्परांत गुंतलेले असले, तरी रासायनिक पृथक्करणाचे आकडे तेच यावयाचे. या शंकेचे निरसन केवळ पृथक्करणाने होणे शक्य नव्हते.

लायनस पॉलिंग यांनी १९३० मध्ये नॅट्रोलाइटची स्फटिकरचना मांडली व १९३३ मध्ये टेलर, मीक आणि जॅक्सन यांनी तंतुमय झिओलाइटांच्या रचनांचे विवेचन केले. सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्या चतुष्फलकांच्या साखळ्या एकमेकींस जोडल्या जाऊन सांगाडा तयार होतो. सिलिकॉनच्या जागी आलेल्या प्रत्येक ॲल्युमिनियममुळे सांगाड्यावर एक ऋणभार येतो व त्याचा समतोल साखळ्यांमधील मार्गिकांत बसलेले धन आयन राखतात. नॅट्रोलाइटमध्ये जेथे सोडियमची जोडी असते, तेथे स्कोलेसाइटमध्ये एक कॅल्शियम व पाण्याचा एक जादा रेणू असतो. सोडियमभोवती सांगाड्याचे चार ऑक्सिजन व पाण्याचे दोन रेणू, तर कॅल्शियमभोवती चार ऑक्सिजन व पाण्याचे तीन रेणू असतात. सांगाड्याची जोडणी मात्र तिन्ही खनिजांत एकच आहे.

मेसोलाइटमध्ये हे आयन वाटेल तसे विखुरलेले नाहीत. सोडियमचा एक थर, त्यानंतर कॅल्शियमचे दोन थर, असा क्रम त्यात पुनःपुन्हा येतो. त्यामुळे नॅट्रोलाइटच्या एकक कोशाची जी बाजू सुमारे १८.६ अँगस्ट्रॉम असते, ती मेसोलाइटमध्ये तिप्पट, म्हणजे सुमारे ५६.७ अँगस्ट्रॉम होते. आर्टिओली, स्मिथ व प्लुथ यांनी १९८६ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने या रचनेचे सूक्ष्म निर्धारण केले. दोन खनिजांच्या साध्या मिश्रणात अशी तिप्पट आवर्तनता उत्पन्न होऊ शकत नाही. सबब मेसोलाइट हे स्वतंत्र खनिजच होय.

सूत्र आयनांची संख्या सांगते, स्थान सांगत नाही. दख्खनमधील नमुन्यांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने पृथक्करणाच्या आकड्यांवरून नाव निश्चित करण्यापूर्वी एवढे ध्यानी ठेवावे.