कुऱ्हाड आणि पालवी

इसवी सन ७२३ च्या सुमारास जर्मनीच्या हेस प्रांतांत, गाइस्मार गांवीं, इंग्लंडांतून आलेल्या बोनिफेस नांवाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकानें एका प्रचंड ओक वृक्षावर कुऱ्हाड चालविली. तो वृक्ष तेथील लोकांच्या मेघगर्जनेच्या देवाचा होता. जमलेले लोक मनांतल्या मनांत त्याला शाप देत उभे होते. त्याचा चरित्रकार विलिबाल्ड सांगतो कीं, थोडासा घाव बसतांच वाऱ्याच्या झोतानें वृक्ष कोसळला व त्याचे चार तुकडे झाले. पुढें त्याच लांकडाचें बोनिफेसनें संत पीटरच्या नांवें एक प्रार्थनामंदिर उभारिलें.

ही कथा वाचून ख्रिस्ती धर्म मूळचाच वृक्षद्वेष्टा असावा, असा समज होणें स्वाभाविक आहे. परंतु त्याचा धर्मग्रंथ उघडला म्हणजे निराळेंच दिसतें. बायबलाच्या आरंभीं एदेन बागेंत दोन वृक्षांचें वर्णन आहे: एक जीवनाचा, दुसरा बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचा. दुसऱ्याचें फळ खाऊन आदाम व हव्वा पहिल्याला मुकलीं. आदामाची ही कथा फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ख्रिस्तपुराणांत मराठी ओव्यांतून सांगितली आहे. बायबलाच्या अखेरच्या अध्यायांत तो गमावलेला जीवनवृक्ष पुन्हा भेटतो. त्याला बारमास फळ येतें, आणि त्याच्या पानांनीं राष्ट्रांच्या व्यथा दूर होतात.

या दोन वृक्षांच्या मध्यें क्रूस उभा आहे. क्रूस म्हणजे रोमन राज्यांतील देहदंडाचें साधन, केवळ वाळलेलें लांकूड. परंतु नव्या करारांत त्याला कांहीं ठिकाणीं जो ग्रीक शब्द योजिला आहे, त्याचे लांकूड आणि झाड असे दोन्ही अर्थ होतात. रोममधील सान क्लेमेंते मंदिरांत बाराव्या शतकांतील एक भित्तिचित्र रंगीत तुकडे जडवून केलेलें आहे. त्यांत क्रूसाच्या पायथ्यापासून निघालेली वेल सगळी कमान व्यापून टाकते. क्रूसावर बारा कबुतरें बसलीं आहेत, खालीं हरणें पाणी पितात, आणि एका कोपऱ्यांत एक बाई कोंबड्यांना दाणे टाकते. धर्मनियमांनीं सुकलेली वेल क्रूसानें हिरवी होते, असा तेथील लेखाचा आशय आहे.

मग बोनिफेसचें भांडण कशाशीं होतें? आमच्या मतें तें झाडाशीं नव्हतें, झाडालाच देव मानण्याशीं होतें. तरीही कुऱ्हाड हा एकच मार्ग होता असें नाहीं. ६०१ सालींच पोप ग्रेगरीनें इंग्लंडमधील आपल्या प्रचारकांस लिहिलें होतें कीं, मूर्ति मोडाव्या, पण देवळें पाडूं नयेत. आणि सणाच्या दिवशीं लोकांना त्यांभोंवतीं झाडांच्या डहाळ्यांचे मांडव घालूं द्यावे. विलिबाल्ड हा जेत्यांच्या पक्षाचा लेखक. ज्यांचा वृक्ष पडला त्यांची बखर आपणांपर्यंत पोहोंचलेली नाहीं, हेंही आपण विसरूं नये.

झाडाची पारख फळांवरून करावी, असें येशूनेंच सांगितलें आहे. गाइस्मारच्या लांकडालाही तोच न्याय लावला पाहिजे. त्याला पालवी फुटली कीं नाहीं, हें वृक्ष किती सहज पडला यावरून ठरत नाहीं. त्या लांकडाच्या छपराखालीं पुढें माणसें कशीं जगलीं, यावरूनच तें ठरावयाचें.