पेनिसिलिनचे कार्यक्षेत्र : एका विधानाचा इतिहास

‘पेनिसिलिन अमुक जंतूंवर चालते, अमुक जंतूंवर चालत नाही’ अशा स्वरूपाची विधाने वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत पदोपदी आढळतात. ‘सूर्य पूर्वेस उगवतो’ या वाक्यातील वर्तमानकाळ आणि या विधानांतील वर्तमानकाळ व्याकरणदृष्ट्या एकाच जातीचे आहेत. दोहोंतूनही त्रिकालाबाधित सत्य सांगितल्याचा भास होतो. वस्तुतः दुसऱ्या प्रकारची विधाने कालसापेक्ष आहेत. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे, वैद्यक नव्हे. तथापि एखादे शास्त्रीय विधान कसे घडले, केव्हा खरे होते आणि केव्हा खरे राहिले नाही, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकासही उपेक्षणीय वाटू नये.

१

या इतिहासाचा आरंभ औषधापासून होत नाही. तो एका रंगापासून होतो. १८८४ साली बर्लिन येथे काम करीत असताना हान्स ख्रिस्तिआन ग्राम या डॅनिश वैद्याने जंतू रंगविण्याची एक रीत प्रसिद्ध केली. जांभळा रंग व आयोडीन यांची प्रक्रिया करून नंतर अल्कोहोलने धुतले असता काही जंतू रंग धरून ठेवतात, तर विषमज्वराच्या जंतूंसारखे काही जंतू तो सोडून देतात. पुढे पहिल्यांस ग्रामधन व दुसऱ्यांस ग्रामऋण अशा संज्ञा रूढ झाल्या. हा भेद कशामुळे पडतो हे त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. संज्ञा आधी आली. तिचा अर्थ मागाहून यावयाचा होता.

त्यानंतर ४४ वर्षांनी, १९२८ च्या सप्टेंबरात, लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतूंच्या एका बशीत बुरशी वाढलेली दिसली. तिच्या आसपासचे स्टॅफिलोकोकस जंतू, म्हणजे द्राक्षांच्या घोसाप्रमाणे राहणारे गोल जंतू, विरघळून गेले होते. लॅटिन भाषेतील ‘कुंचला’ या अर्थाच्या शब्दावरून त्या बुरशीच्या प्रजातीस पेनिसिलियम हे नाव पूर्वीच मिळालेले होते; त्यावरून फ्लेमिंग यांनी तिच्या स्रावास पेनिसिलिन म्हटले. १९२९ च्या निबंधात त्यांनी दिलेली जंतूंची विभागणी लक्षणीय आहे. स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, न्युमोकोकस व घटसर्पाचे जंतू मरतात. विषमज्वर व कोलाय या गटांतील जंतू आणि इन्फ्लुएंझाचे म्हणून समजले जाणारे जंतू मरत नाहीत. ग्राम यांच्या रंगाने आखलेली रेषाच येथे बहुतांशी पुन्हा उमटली होती. ‘बहुतांशी’ म्हणण्याचे कारण असे की, परम्याचे जंतू ग्रामऋण असूनही पेनिसिलिनला बळी पडत. विशेष म्हणजे, इन्फ्लुएंझाचे जंतू मरत नाहीत हाच फ्लेमिंग यांना गुण वाटला. मिश्र नमुन्यातील इतर जंतू मारून हे जंतू वेगळे काढण्यास पेनिसिलिन उपयोगी पडेल, असे त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच सूचित केले आहे.

२

पेनिसिलिनला औषधाचे रूप ऑक्सफर्ड येथे आले. मे १९४० मध्ये फ्लोरी, चेन, हीटली व त्यांचे सहकारी यांनी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकसची घातक मात्रा टोचली आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये जंतुदोषाने पछाडलेल्या एका पोलिसास हे औषध दिले गेले. त्याला उतार पडू लागला. परंतु साठा अपुरा होता. त्याच्या मूत्रातून औषध परत मिळवून पुन्हा टोचले गेले, तेही संपले, आणि मार्चमध्ये तो दगावला.

औषध कसे मारते हे मात्र अद्याप अज्ञातच होते. ते वाढत्या जंतूंनाच मारते, स्वस्थ पडलेल्यांना नाही, असे १९४२ साली दिसून आले. १९४५ साली डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साह्याने त्याच्या रेणूची रचना सिद्ध केली. त्या रचनेच्या गाभ्याशी चार अणूंचे एक ताणलेले वलय आहे; त्यास बीटा-लॅक्टम म्हणतात. ‘लॅक्टम’ हा शब्द लॅक्टोन व अमाइड यांच्या संयोगाने बनला असून, लॅक्टोनच्या मुळाशी दुधाचा वाचक लॅटिन शब्द आहे. अर्थात या औषधाचा दुधाशी काही संबंध नाही. व्युत्पत्ती आणि अर्थ यांची फारकत रसायनशास्त्रातही होते, एवढेच यावरून दिसते. वलयातील कार्बोनिल गटापासून मोजता दुसऱ्या, म्हणजे बीटा, कार्बनला नायट्रोजन जोडलेला असतो, हा ‘बीटा’ या पदाचा अर्थ.

१९४९ पासून पार्क व पुढे स्ट्रॉमिंजर यांच्या संशोधनातून उलगडा होत गेला आणि १९६५ च्या सुमारास तो पूर्णत्वास आला. जंतूच्या पेशीभोवती शर्करांच्या साखळ्यांची एक भिंत असते. या साखळ्या अमिनो आम्लांच्या आडव्या दुव्यांनी एकमेकींस बांधलेल्या असतात. ही गाठ मारणारे विकर डी-अॅलॅनिन या अमिनो आम्लाची जोडी ओळखून काम करते. पेनिसिलिनचा रेणू त्या जोडीसारखाच दिसत असल्याने विकर फसते. वलय उघडते आणि औषध विकराला कायमचे चिकटून बसते. जंतू वाढत असतो, भिंत मात्र बांधली जात नाही; अखेर आतील दाबाने तो फुटतो. मानवी पेशीस अशी भिंतच नसल्यामुळे ती सुरक्षित राहते.

ग्राम यांच्या संज्ञेचा अर्थही यामुळे उकलला. ग्रामधन जंतूंची भिंत जाड असते व औषधाला मोकळी असते. ग्रामऋण जंतूंची भिंत पातळ, पण तिच्याबाहेर आणखी एक पटल असते. त्यातील अरुंद छिद्रांतून औषधास वाट काढावी लागते. मायकोप्लाझ्मा या जंतूंना भिंतच नाही. म्हणून त्यांच्यावर या कुलातील कोणतेही औषध चालत नाही.

३

येथवरचा इतिहास ज्ञानाच्या विजयाचा आहे. परंतु पोलिसाच्या उपचाराआधीच, डिसेंबर १९४० मध्ये, एब्रहॅम व चेन यांनी कोलाय जंतूंत पेनिसिलिनचा नाश करणारे विकर असल्याचे प्रसिद्ध केले होते. औषधाच्या मर्यादेची वार्ता औषधाच्या पुढे चालत होती. लंडनच्या एका रुग्णालयात मेरी बार्बर यांनी तपासलेल्या स्टॅफिलोकोकसपैकी निम्म्याहून अधिक नमुने १९४८ पर्यंत पेनिसिलिनला दाद देईनासे झाले होते. ‘पेनिसिलिन स्टॅफिलोकोकसवर चालते’ हे १९४१ चे सत्य विधान सात वर्षांत संशयास्पद ठरले.

मानवाने रेणूत फेरफार केले. विकरास न जुमानणारे मेथिसिलिन १९६० च्या सुमारास वापरात आले. १९६१ मध्येच त्यास दाद न देणारे स्टॅफिलोकोकस इंग्लंडात आढळले. या जंतूंनी औषध तोडले नव्हते. औषध ज्यास चिकटते ते विकरच बदलले होते. त्याच साली आलेले अँपिसिलिन ग्रामऋण जंतूंचे पटल ओलांडू शके. फ्लेमिंग यांनी ज्यांना वाचवून वेगळे केले ते इन्फ्लुएंझाचे जंतूही त्याने मरू लागले. पण १९७४ मध्ये त्यांच्यातही औषधनाशक विकर दिसले. सार्डिनियात १९४५ साली जोसेप्पे ब्रोत्झू यांना सांडपाण्याच्या मुखाशी सापडलेल्या बुरशीपासून सेफॅलोस्पोरिने निघाली. पुढे कार्बापेनेमे आली. यांपैकी प्रत्येक औषधाने रेषा पुढे सरकविली आणि जंतूंनी ती मागे रेटली.

आपला प्रदेश या इतिहासाबाहेर नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे २००८ साली, भारतात उपचार घेतलेल्या एका रुग्णाच्या जंतूंत कार्बापेनेमांचाही नाश करणारे विकर स्वीडनमध्ये आढळले व त्यास नवी दिल्लीचे नाव देण्यात आले. त्या नावावरून २०१० मध्ये मोठा वाद झाला. नावाचा आक्षेप समजण्याजोगा होता. परंतु वाद नावाशीच थांबला तर वस्तू विसरली जाते.

उलट, घसा बिघडविणारा स्ट्रेप्टोकोकस पायोजेनस आणि उपदंशाचा जंतू आजही पेनिसिलिनला बळी पडतात. म्हणजे सर्वच विधाने कालबाह्य होतात असेही नाही. यास्तव एक सूचना कराविशी वाटते. मराठीत वैद्यकीय ग्रंथ लिहिताना ‘हे औषध या जंतूवर चालते’ एवढेच न लिहिता, ते कोणत्या काळी व कोणत्या प्रदेशातील पाहणीवरून म्हटले आहे, हेही नमूद करावे. वाक्य थोडे लांबेल; पण त्यावर विसंबणारा रुग्ण आजचा असतो, १९४१ चा नव्हे.