वसईच्या उन्हाळी भाजीचा इतिहास

वसई म्हटली की आपल्याला किल्ला आठवतो आणि चिमाजी अप्पा आठवतात. १७३९ च्या मे महिन्यात किल्ला मराठ्यांच्या हाती आला, हे शाळेतले पोरही सांगेल. पण त्याच मे महिन्यात गावागावांतील चुलींवर काय शिजत होते, हे कोणी लिहून ठेवले नाही. इतिहास लिहिणारा बहुधा पानावर बसणारा असतो, रांधणारा नसतो.

भर उन्हाळ्यात ताजी भाजी रांधावयाची तर आधी पाणी हवे. वसईने ते साठविले बावखलांत. पावसाचे पाणी या तळ्यांत साचे, जमिनीत मुरे आणि शेजारच्या विहिरी गोड ठेवी. जमिनीखाली खारे पाणी जवळच असते. गोडे पाणी हलके म्हणून त्यावर तरंगते. विहिरीवर रहाट, रहाटाला जुंपलेले जनावर आणि त्याच्यामागे पहाटेपासून फिरणारा माणूस! एवढ्या राबणुकीवर एप्रिलातही भेंडी, गवार, पडवळ, दुधी, लाल माठ पिकत असे.

पोर्तुगीज येथे १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे २०५ वर्षे होते. त्यांच्या जुलमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या लोणच्याच्या बरणीत डोकावून पाहा. कैरी आपली, मोहरी आपली. मिरची मात्र अमेरिकेतून त्यांच्या जहाजांबरोबर आली. तत्पूर्वी तिखटपणा मिऱ्याचा. काजू, अननस, पपई आणि पेरू हेही त्याच वाटेचे प्रवासी. ख्रिस्ती घरांतून उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, भाजून, कुटून वर्षाचा ‘बाटली मसाला’ भरतात, त्यातील मुख्य जिन्नस म्हणजे ही परदेशी मिरचीच. आज तिला परकी म्हणण्याची कोणाची छाती आहे?

पुढे आगगाडी आली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. तेव्हा दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक, एवढीच सोय होती. पुढे गाड्या वाढल्या आणि वसईच्या भाजीवालीची टोपली मुंबईकराच्या दारात पोचली. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सरळ काकडी, कोवळी भेंडी, निवडक केळी टोपलीत जात. वाकडी काकडी, जून दुधी, वाऱ्याने पडलेली कैरी घरी राही. त्या उरल्यासुरल्यातून बायकांनी जे रांधले त्याला आज आपण ‘वसईची खासियत’ म्हणतो! सुकट भाजून त्यात कैरीच्या फोडी टाकावयाच्या, खोबऱ्याचे वाटण लावावयाचे. माठाच्या देठांत फणसाच्या आठळ्या घालावयाच्या. राजेळी केळी विकून उरली तर सोलून उन्हात वाळवावयाची. आगाशीची सुकेळी ती हीच. यात पाककौशल्य आहेच, पण काही वाया जाऊ न देण्याची गरज त्याहून मोठी होती. ही बाई गाडीत उभी राहून शहरात जाई, रस्त्यावर बसून विकी आणि घरी येऊन चूल पेटवी. तिच्या रस्त्यावरील बसण्याला संरक्षण देणारा पथविक्रेत्यांचा कायदा अमलात आला तो १ मे २०१४ रोजी. लोकल सुरू होऊन तेव्हा १४७ वर्षे झाली होती.

दरम्यान पाणीच हातचे जाऊ लागले होते. इमारतींसाठी बावखले बुजली, टँकरांनी विहिरी उपसल्या; गोडे पाणी कमी होताच खारे वर चढले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांच्या मागे हजारो लोक उभे राहिले, ते या पाण्यासाठी आणि वाड्यांसाठी. काही वाड्या त्यामुळे वाचल्या, पुष्कळ गेल्या. आता वसईच्या बाजारात नाशिकची भाजी उतरते आणि वसईकर बाई ती विकत घेते. कैरीचे झाड मात्र अजून काही परसांत आहे; मे महिन्यात तेथे सुकट भाजल्याचा वास येतो.